रोख्यांचे प्रकार आणि त्यांचे भाव वाचण्याची रीत

धानाची मळणी आटोपून चुकारे बँकेत जमा झाले म्हणजे वर्षातून एकदा शेतकऱ्याच्या घरी बऱ्यापैकी रक्कम एकत्र येते. सोसायटीचे कर्ज, दुकानाची उधारी, मुलांचे शिक्षण आणि पुढील हंगामाचे बी-खत यांतून काही शिल्लक उरलीच, तर ती कोठे ठेवावी हा प्रश्न उभा राहतो. नेमक्या याच दिवसांत निरनिराळे कागद घेऊन माणसे गावात येऊ लागतात. कोणी आपल्या कागदास शेअर म्हणतो, कोणी बाँड, तर कोणी नुसतेच सर्टिफिकेट. प्रत्येकाजवळ एखादा आकडाही तयार असतो : शंभराचे इतके होतील, इतके टक्के मिळतील, भाव इतका चढला आहे. तुमसर तालुक्यातील बपेऱ्यासारख्या, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या गावी तर दोन्ही राज्यांतून असे लोक येऊ शकतात. अशा वेळी शेतकरी सल्ला विचारतो तो गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यासच. म्हणून हा पाठ प्रथम कार्यकर्त्यांसाठी आणि त्यांच्या द्वारे शेतकरी बंधुभगिनींसाठी लिहिला आहे.

कोणता कागद घ्यावा किंवा घेऊ नये हे सांगण्याचा येथे हेतू नाही. रोख्याचा भाव म्हणून जो आकडा सांगितला जातो तो कसा वाचावा, एवढेच पाहावयाचे आहे. बाजारात धानाचा भाव क्विंटलवर बोलतात, बैलाचा जोडीवर आणि जमिनीचा एकरावर. कोणी नुसते ‘दोन हजार’ म्हटले तर ते कशाचे, हे आपण विचारतोच. रोख्यांचेही तसेच आहे. काही रोख्यांचा भाव एका नगास इतके रुपये असा सांगतात, काहींचा शंभर रुपये दर्शनी किमतीमागे सांगतात, आणि काहींना भाव असा नसतोच. कागदाने आपणास कोणता हक्क मिळतो हे कळले म्हणजे त्याचा आकडा वाचणे अवघड राहत नाही.

भाग अथवा शेअर

कंपनीच्या मालकीचे सारखे तुकडे पाडले तर त्यांतील एक तुकडा म्हणजे भाग, लोकभाषेत शेअर. भागधारक हा कंपनीचा सावकार नव्हे, तो तिचा वाटेकरी होय. कंपनीस नफा झाला आणि तो वाटावयाचे ठरले तर त्यास लाभांश मिळतो. न ठरल्यास मिळत नाही, व मागताही येत नाही. कंपनी बुडाली तर प्रथम देणेकऱ्यांचे पैसे चुकते होतात आणि उरल्यास भागधारकाची पाळी येते.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. या पट्ट्यातील मँगनीज काढण्याचे काम १८९६ पासून एका ब्रिटिश कंपनीकडे होते. १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिचे ५१ टक्के भाग भारत सरकार, महाराष्ट्र सरकार व मध्य प्रदेश सरकार यांच्याकडे आले आणि ४९ टक्के त्या जुन्या ब्रिटिश कंपनीकडे राहिले. १९७७ मध्ये हे ४९ टक्केही सरकारने घेतले. खाणी जागच्या जागी राहिल्या, खनिजही तेच राहिले. हात बदलले ते भागांचे. मालकी भागांच्या रूपाने कशी सरकते हे यावरून ध्यानात येईल.

पुढे २०१० साली, तेव्हा मॉइल असे नाव झालेल्या या कंपनीचे २० टक्के भाग सरकारांनी जनतेस विकावयाचे ठरविले. एकूण भाग १६ कोटी ८० लाख होते, त्यांपैकी ३ कोटी ३६ लाख विक्रीस काढले. प्रत्येक भागाची दर्शनी किंमत १० रुपये होती, पण विक्रीची किंमत ३७५ रुपये ठरली. लहान गुंतवणूकदारांस ५ टक्के सूट असल्याने त्यांस भाग ३५६ रुपये २५ पैशांस पडला. येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही ती अशी, की हे पैसे खाणीच्या कामात गेले नाहीत. जुन्या मालकाने, म्हणजे सरकारांनी, आपला हिस्सा विकला व पैसे सरकारांस मिळाले. कंपनी स्वतः नवे भाग काढते तेव्हाच पैसा कंपनीत जातो. एकदा भाग बाजारात आले, की पुढील सर्व खरेदी-विक्री एका भागधारकाकडून दुसऱ्याकडे होत असते. तिच्याशी कंपनीच्या पेटीचा संबंध उरत नाही.

दर्शनी किंमत १० आणि विक्री ३७५ ला, यात फसवणूक झाली असे समजू नये. दर्शनी किंमत हा हिशेबाचा आकडा आहे. बांधीचा शासकीय आकार वेगळा आणि तिची बाजारातील किंमत वेगळी असते, तसेच हे. पाणी कोणत्या बोडीचे लागते, रस्ता लगत आहे की नाही, हे पाहून जमिनीची किंमत ठरते. तशीच भागाची किंमत कंपनीच्या मालमत्तेवरून, नफ्यावरून आणि पुढे काय होईल याविषयी लोकांच्या अंदाजावरून ठरते. हा अंदाज चुकू शकतो. मॉइलचे भाग १५ डिसेंबर २०१० रोजी शेअरबाजारात नोंदले गेले, त्या दिवशी भाव विक्रीच्या किमतीपेक्षा बराच वर उघडला. २०१३ सालात मात्र तोच भाग २५० रुपयांच्याही खाली मिळत होता. खाणी चालू होत्या, कंपनी नफ्यात होती, मालकही मुख्यतः सरकारच होते. तरीही भाव उतरला. धानास हमीभाव असतो, भागास नसतो. सरकारी कंपनीच्या भागासही नसतो. ‘सरकारी आहे, भाव पडणार नाही’ असे कोणी म्हटल्यास त्यास हा दाखला द्यावा.

भागांच्या भावाची ओळ

वृत्तपत्रात किंवा मोबाईलवर भागाच्या नावापुढे अनेक आकडे असतात. प्रारंभीचा भाव, दिवसातील उच्चतम, नीचतम, अखेरचा किंवा बंद भाव, आदल्या दिवसाचा बंद भाव, आणि किती भागांची उलाढाल झाली तो आकडा. हे सर्व एका भागामागे रुपयांत असतात. त्यांतील बंद भाव सर्वांच्या तोंडी असला तरी तो झालेल्या व्यवहाराचा भाव आहे. उद्या त्याच भावाने कोणी घेईल असा त्यात करार नाही.

घेणाऱ्याने बाजार चालू असताना दोन आकडे पाहावे. एक, खरेदीदारांपैकी सर्वांत वरची बोली. दुसरा, विकणाऱ्यांपैकी सर्वांत खालची मागणी. समजा बोली २४० रुपये व मागणी २४० रुपये १० पैसे आहे. या दोहोंतील अंतर दहा पैशांचे, म्हणजे घेणारे-देणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या एखाद्या कंपनीत बोली ४० आणि मागणी ४४ असेल, तर आज घेऊन लगेच विकणाऱ्यास भागामागे चार रुपये गमवावे लागतील. ज्या बाजारात दोनच व्यापारी आले आहेत तेथे धानाचे काय होते, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. उलाढालीचा आकडा म्हणूनच महत्त्वाचा. भाव चढता दिसतो पण उलाढाल नगण्य असते, असा भाग विकावयास गेल्यावर गिऱ्हाईक मिळत नाही. खरेदीची सूचना देताना ‘अमुक भावापेक्षा अधिक देऊ नये’ अशी मर्यादा घालता येते, ती घालावीच.

लाभांशाची टक्केवारी हे दुसरे फसवे ठिकाण होय. कंपनीने ५० टक्के लाभांश जाहीर केला असे ऐकून शंभराचे पन्नास मिळणार असे पुष्कळांस वाटते. ही टक्केवारी दर्शनी किमतीवर असते. दर्शनी किंमत १० रुपये असल्यास ५० टक्के म्हणजे ५ रुपये. आपण तो भाग २५० रुपयांस घेतला असेल तर आपल्या पैशावर उत्पन्न झाले वर्षास २ टक्के. दर्शनी किंमतही सर्वत्र १० नसते. ५, २ व १ रुपया दर्शनी किमतीचे भागही पुष्कळ आहेत. म्हणून टक्के ऐकल्याबरोबर ‘भागामागे रुपये किती?’ हा प्रश्न विचारावा आणि त्या रुपयांस आजच्या बाजारभावाने भागावे. लाभांश जाहीर झाल्यावर एक तारीख ठरते. त्या तारखेपासून भाग लाभांशाविना विकला जातो आणि त्या दिवशी भाव सुमारे लाभांशाएवढा उतरणे स्वाभाविक आहे. लाभांश पदरात पाडून घेऊ म्हणून आदल्या दिवशी भाग घेणाऱ्यास फुकट असे काही मिळत नाही.

बक्षीस भागांचेही असेच आहे. २०१७ साली मॉइलने एकास एक बक्षीस भाग दिला. ज्याच्याजवळ ५० भाग होते त्याचे १०० झाले. पण कंपनी तीच, खाणी त्याच. म्हणून प्रत्येक भागाचा भाव सुमारे निम्मा होतो. एका भाकरीचे चार ऐवजी आठ तुकडे केल्याने पीठ वाढत नाही. ज्याने २०१० मध्ये ३७५ रुपयांस भाग घेतला व तो ठेवला, त्यास बक्षिसानंतर एक भाग १८७ रुपये ५० पैशांस पडला असे धरावे लागते. आजच्या भावाशी तुलना करावयाची ती या आकड्याशी. जुना आकडा घेऊन ‘अर्धे पैसे बुडाले’ म्हणणारा जसा चुकतो, तसाच ‘बक्षीस मिळाले, दुप्पट झाले’ म्हणणाराही चुकतो.

अग्रहक्क भाग म्हणून एक प्रकार आहे. त्याच्या धारकास ठरलेल्या दराने लाभांश आधी मिळतो, पण सर्वसाधारणपणे मत नसते. गावात तो क्वचितच दिसेल.

सोसायटीचा भाग

पीककर्ज घेणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांजवळ एक भाग आधीच असतो, तो सेवा सहकारी सोसायटीचा. तो कंपनीच्या भागासारखा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाचे भाग कितीही असले तरी मत एकच असते, आणि लाभांशावर सर्वसाधारण मर्यादा १५ टक्क्यांची आहे. हा भाग शेअरबाजारात विकला जात नाही. त्यास चढउताराचा भाव नाही. सोसायटी सोडताना नियमांप्रमाणे त्याची रक्कम मिळते. तेव्हा सोसायटीच्या भागाचा ‘भाव वाढला’ असे सांगून कोणी तो विकत मागत असेल किंवा विकत देत असेल, तर तो व्यवहार तेथेच थांबवून निबंधक कार्यालयात चौकशी करावी.

कर्जरोखे

भाग घेणारा वाटेकरी, तर कर्जरोखा घेणारा सावकार. सरकारने किंवा कंपनीने आपल्याकडून कर्ज घेतले, ठराविक दराने व्याज आणि ठराविक दिवशी मुद्दल देण्याचे वचन दिले, त्याचा लेख म्हणजे कर्जरोखा. केंद्र सरकारचे रोखे, राज्य सरकारांचे विकास कर्जरोखे आणि कंपन्यांची ऋणपत्रे हे त्याचे मुख्य प्रकार. सरकारी रोख्यावर व्याज व मुद्दल मिळण्याविषयी सहसा शंका नसते. कंपनीच्या ऋणपत्रात मात्र कंपनीची ऐपत पाहावी लागते. त्यासाठी पत ठरविणाऱ्या संस्थांचा दर्जा आणि मागे कोणती मालमत्ता तारण आहे, हे दोन्ही वाचावे. एरवीपेक्षा दोन-तीन टक्के व्याज अधिक देणारा ऋणको ते अधिक व्याज का देत आहे, हा प्रश्न गावच्या सावकारास जसा पडतो तसा आपणासही पडावा.

सरकारी रोख्याचा भाव शंभर रुपये दर्शनी किमतीमागे सांगतात. ‘भाव ९८.५०’ म्हणजे शंभराचा रोखा साडेअठ्ठ्याण्णवास. शंभरास मिळाला तर सममूल्याने, वर गेल्यास अधिमूल्याने मिळाला असे म्हणतात. व्याज मात्र नेहमी दर्शनी शंभरावर मिळते, आणि ते सहामाही असते. सात टक्क्यांचा रोखा दर सहा महिन्यांनी साडेतीन रुपये देतो, मग तो आपण कितीसही घेतलेला असो.

आता पुष्कळांस कोड्यात टाकणारी गोष्ट. व्याजाचे दर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात. कारण साधे आहे. माझ्याजवळ सात टक्क्यांचा, दहा वर्षांनी फिटणारा रोखा आहे आणि आज सरकार आठ टक्क्यांनी नवा रोखा देत आहे. तर माझा रोखा शंभरास कोण घेईल? घेणाऱ्यासही आठ टक्के पडतील इतका भाव उतरावा लागेल. हिशेबाने तो सुमारे ९३ रुपये येतो. तोच रोखा एका वर्षात फिटणार असेल, तर भाव ९९ च्या आसपासच राहील. मुदत जितकी लांब तितका भाव अधिक हलतो. मुदतीपर्यंत थांबणाऱ्यास पूर्ण शंभर मिळणारच. मध्येच विकावे लागणाऱ्यास हा धक्का बसतो. दोन वर्षांनी मुलीचे लग्न किंवा विहिरीचे काम काढावयाचे असेल, त्याने तीस वर्षांच्या रोख्याच्या वाटेस जाऊ नये हे यावरूनच निघते.

भावाच्या ओळीत न दिसणारा आणखी एक आकडा असतो, तो साचलेल्या व्याजाचा. उभे पीक असलेली बांधी विकत घेतली तर पिकाचे पैसे निराळे मोजावे लागतात. तसेच शेवटचे व्याज मिळाल्यानंतर जितके दिवस लोटले तितक्या दिवसांचे व्याज विकणाऱ्यास द्यावे लागते. सात टक्क्यांचा रोखा ९८.५० भावाने घेतला आणि शेवटच्या व्याजास दोन महिने झाले असले, तर दोन महिन्यांचे १ रुपया १७ पैसे मिळून ९९ रुपये ६७ पैसे मोजावे लागतील. पुढील सहामाहीचे पूर्ण साडेतीन रुपये मग आपणास मिळतील. दलालाने भावापेक्षा जास्त पैसे लावले म्हणून भांडण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा.

९१, १८२ व ३६४ दिवसांच्या सरकारी हुंड्यांवर व्याज निराळे नसते. शंभराची हुंडी कमी किमतीस मिळते व मुदतीस शंभर मिळतात. ९१ दिवसांची हुंडी ९८.३५ ला मिळाली तर नफा १ रुपया ६५ पैसे, वर्षाच्या हिशेबाने सुमारे पावणेसात टक्के. असे रोखे व हुंड्या पूर्वी बँका व मोठ्या संस्थाच घेत असत. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने रिटेल डायरेक्ट ही योजना काढली असून तीत व्यक्तीस थेट खाते उघडून १०,००० रुपयांपासून ते घेता येतात.

पोस्टाची पत्रे व म्युच्युअल फंड

राष्ट्रीय बचत पत्र व किसान विकास पत्र यांस बाजारभाव नाही. दर घेतेवेळी ठरतो आणि मुदतीस किती मिळणार हे आधीच माहीत असते. ती दुसऱ्यास नफ्याने विकण्याची वस्तू नव्हे. गरज पडल्यास त्यांवर कर्ज मिळू शकते.

म्युच्युअल फंडात अनेकांचे पैसे एकत्र करून त्यांतून भाग व रोखे घेतात आणि प्रत्येकास युनिटे देतात. सर्व मालमत्तेच्या त्या दिवसाच्या किमतीतून देणी वजा करून युनिटांच्या संख्येने भागले की युनिटाचे निव्वळ मूल्य निघते. हाच त्याचा भाव. दहा रुपयांचे युनिट स्वस्त आणि शंभराचे महाग, असे यात काही नसते. हा भाव खऱ्या मालमत्तेवरूनच काढणे किती आवश्यक आहे याचा एक दाखला आहे. १९६४ साली युनिट ट्रस्टने काढलेल्या पहिल्या योजनेत खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करीत असे. ती प्रत्यक्ष मालमत्तेपेक्षा वर गेली आणि जुलै २००१ मध्ये त्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद करावी लागली. सुरक्षित समजून पैसे ठेवलेले असंख्य लहान बचतदार त्यात अडकले.

ज्या कागदास भाव कोठेच छापून येत नाही

सहारा समूहातील दोन कंपन्यांनी लहान लहान रकमा गोळा करून लक्षावधी लोकांस ऋणपत्रे दिली होती. पन्नास अथवा अधिक लोकांस रोखे देऊ करणे म्हणजे जनतेस देऊ करणे, आणि मग शेअरबाजारात नोंदणी हवीच, असा तेव्हाचा कायदा होता. नोंदणी झाली नव्हती. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २४,००० कोटींहून अधिक रक्कम १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. निकाल लागला तरी पैसे परत मिळविणे हे बचतदारास सोपे गेले नाही. कागदावर नाव ‘ऋणपत्र’ असेच होते, ते खोटे नव्हते. पण त्याचा भाव पाहावयास जागा नव्हती आणि विकावयास बाजार नव्हता.

म्हणून गावात कोणी रोखा घेऊन आला तर त्यास विचारावे : हा भाग आहे की कर्ज? कोणत्या बाजारात नोंदला आहे? कालचा भाव काय, आणि तो मी स्वतः कोठे पाहू शकतो? भाग व ऋणपत्रे यांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेकडे दलालाची नोंदणी आहे का, ती संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येते. पैसे रोखीने किंवा एजंटाच्या नावे कधीही देऊ नयेत. नोंदलेल्या कंपनीचे भाग हल्ली कागदावर न मिळता डीमॅट खात्यात जमा होतात, व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होतो. ‘सर्टिफिकेट नंतर आणून देतो’ हे वाक्य म्हणूनच संशयास्पद समजावे.

उलटपक्षी, घरातील जुन्या पेटीत वडिलांच्या नावाची खरी भागपत्रे सापडली तर ती रद्दी समजू नयेत. १ एप्रिल २०१९ पासून नोंदलेल्या कंपन्यांचे कागदी भाग विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नसले, तरी वारसाच्या नावे करून डीमॅटमध्ये घेता येतात. सात वर्षे सतत लाभांश न घेतल्यास असे भाग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथूनही पुराव्यासह परत मागण्याची सोय आहे. मोठ्या वाट्याचे आमिष दाखवून हे काम करून देणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्याआधी कंपनीच्या नोंदणी कार्यालयास पत्र लिहावे.

सरावासाठी

बचतगटाच्या किंवा शेतकरी गटाच्या बैठकीत पुढील उदाहरणे फळ्यावर सोडवून घ्यावीत.

१० रुपये दर्शनी किमतीचा भाग २४० रुपयांस मिळतो. कंपनीने ६० टक्के लाभांश दिला. उत्पन्न किती टक्के? (६ रुपये भागिले २४०, म्हणजे अडीच टक्के.)

३८० रुपये भावाचे ५० भाग असता एकास एक बक्षीस मिळाले. मालमत्ता किती झाली? (सुमारे १९० रुपयांचे १०० भाग, पूर्वीही १९,००० रुपये, आताही तेवढेच.)

७.२० टक्क्यांचा सरकारी रोखा १०२.४० भावाने, दर्शनी १०,००० रुपयांचा घ्यावयाचा आहे. शेवटच्या व्याजास तीन महिने झाले. एकूण किती मोजावे लागतील? (शंभरामागे १०२.४० अधिक १.८० म्हणजे १०४.२०, एकूण १०,४२० रुपये. मुदतीस मुद्दल १०,००० च मिळेल, हे उत्तराबरोबर सांगावे.)